शीतगृहातला रविवार

१

मार्च एकोणऐंशीच्या तिसऱ्या रविवारी, सकाळी साडेदहा वाजता, सुधाकर कोल्ड स्टोरेजचं एक नंबरचं मशीन बंद पडलं. ऑपरेटर नत्थूनं लगेच दोन नंबरचं सुरू केलं. ते त्याचसाठी ठेवलेलं होतं. एक बंद पडलं तर दुसरं हाताशी असावं म्हणून. ते बारा मिनिटं चाललं आणि तेही बंद पडलं.

सक्करदऱ्याच्या पुढे उमरेड रोडला हे शीतगृह होतं. आत नरखेडकडच्या बागाइतदारांची दोन हजार पेट्या संत्री होती. बाहेर ऊन चढत होतं. नत्थूनं बाराला पुन्हा प्रयत्न केला, दोनला केला. दोन्ही वेळा मशीन पाचदहा मिनिटं घरघरलं आणि गप्प झालं. मालकीणबाईंचा पुतण्या अनंत यानं घाबरून खोल्यांची दारं उघडायला लावली आणि पेट्या अंगणात काढल्या. थंड संत्र्यांना बाहेरची गरम हवा लागली, सालींवर पाणी सुटलं. पुढच्या चार दिवसांत तीनशे पेट्या सडल्या.

आणि सोमवारी सकाळी सहा वाजता नत्थूनं बटण दाबलं, तर मशीन काही झालंच नाही अशा थाटात सुरू झालं.

मुंबईहून मेकॅनिक आला. त्यानं दोन दिवस दोन्ही मशीनं उघडून पाहिली, हात पुसले आणि सांगितलं, "मशीनमध्ये दोष नाही."

अनंतनं ते वाक्य उचललं. "काकू, मशीनमध्ये दोष नाही म्हणजे माणसात आहे. रविवारी मशीनपाशी एकटा नत्थू होता."

मालकीणबाई म्हणजे त्याच्या काकू, इंदुताई. नवरा गेल्यापासून नऊ वर्षं त्या हा कारखाना चालवत होत्या, आणि त्यातला एकही दिवस नत्थूवाचून गेला नव्हता. अनंतनं टाइप केलेला कागद त्यांच्यापुढे ठेवला. नत्थूला कामावरून कमी करण्याचा. खाली सहीची जागा मोकळी होती.

"शनिवारी बघू," इंदुताई म्हणाल्या.

२

प्रेमिला मेश्रामचं इंदोऱ्यात मोटरी बांधायचं दुकान होतं. विहिरीवरच्या पंपाची मोटर जळली की शेतकरी ती एसटीच्या टपावर टाकून तिच्याकडे आणत. इतर दुकानांत जळालेली तार काढून नवी गुंडाळून देत. प्रेमिला आधी विचारायची, "जळली काहून?" आणि त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय तारेला हात लावायची नाही. यामुळे गिऱ्हाइकं वैतागत. पण तिनं बांधलेली मोटर पुन्हा जळत नसे, म्हणून परत तिच्याकडेच येत. तिचे वडील रेल्वेत फिटर होते. छप्पन साली दीक्षा घेतली त्या दिवसापासून त्यांनी घरात एक नियम केला होता: कारण कळल्याशिवाय कोणतीही गोष्ट मानायची नाही. आठ वर्षांच्या पोरीनं तो नियम जरा जास्तच मनावर घेतला होता.

तिचं नाव इंदुताईंना सुचवलं ते नरखेडच्या बाबनरावांनी. सडलेल्या तीनशेपैकी ऐंशी पेट्या त्यांच्या होत्या.

"मले एक लिहून पाहिजे," इंदुताई गुरुवारी सकाळी तिला म्हणाल्या. त्या बोलता बोलता मधेच नागपुरीवर यायच्या. "मशीन पुन्हा असं बंद पडलं तर कोणी काय करायचं, पहिल्या पाच मिनिटांत काय, पहिल्या तासात काय, पेट्या कुठं हलवायच्या, कोणाला फोन करायचा. पुढच्या हंगामात बागाइतदार माझ्या दारात येतील ते हे वाचूनच येतील. नाही तर येणार नाहीत."

"देते लिहून," प्रेमिला म्हणाली. "पण बंद पडलं काहून ते कळल्यावर."

"ते तर मुंबईच्या माणसाला नाही कळलं."

"त्यानं मशीन पाहिलं ताई. मला रविवार पाहायचा आहे."

इंदुताईंनी टेबलावरचा टाइप केलेला कागद तिच्याकडे सरकवला. "तुमच्याकडे शनिवारपर्यंत वेळ आहे. माझा पुतण्या म्हणतो हेच कारण."

प्रेमिलानं कागद वाचला. बावीस वर्षांची नोकरी तीन ओळींत संपवली होती.

बाहेर फाटकापाशी पहारेकरी नानाजी स्टुलावर बसून एका जुन्या पिशवीचा बंद शिवत होता. साठीचा माणूस, मूळ उमरेडचा विणकर. माग बंद पडले तसा तेरा वर्षांपूर्वी इथं आला होता. त्याचा दोरा तुटला. त्यानं दोन्ही टोकं चिमटीत धरली, बोटांची एक फिरकी दिली, टोकं दातानं कुरतडली. दोरा पुन्हा अखंड. गाठ कुठं होती ते प्रेमिलाला शोधावं लागलं.

"येणाऱ्याजाणाऱ्याची वही आहे का, नानाजी?"

"आहे ना जी. मी लिवतो समदं. माणूस आला का वेळ टाकली."

तिनं वही घेतली आणि रविवारच्या पानावर बोट ठेवलं. 'अनंतराव व एक पाहुणे, ९.१५.'

अनंत तर सगळ्यांना सांगत होता की तो साडेअकराला, फोन आल्यावर धावत आला.

३

"माह्यावर नाव आलं ते ठाऊक आहे मले," नत्थू म्हणाला. उंच, वाळका, हातावर तेलाचे डाग. तो तिच्याकडे न बघता दाबाच्या काट्याकडे बघत बोलत होता. "विचारा काय विचारायचं ते."

"आधी मशीन समजावून सांगा, नत्थूभाऊ."

हे त्याला अपेक्षित नव्हतं. तो जरा सैल झाला. "सोपं आहे बाई. गॅस दाबला का तापते. तापलेल्या गॅसले पान्यानं गार करा लागते. पानी मागच्या हौदातून येते, गॅसची उष्णता घेते, अन् परत हौदात जाते. हौद मोठा, सात फूट उंच, त्यात ते निवते. गॅस गार नाही झाला तं दाब वाढते, अन् दाब सव्वादोनशेवर गेला का मशीन आपोआप बंद. नाही तं फुटन."

"रविवारी पाणी येत होतं?"

"येत होतं. दोन्ही मशीनले. माह्या डोळ्यानं पायलं."

"हात लावून पाहिलं?"

नत्थूचा हात काट्याच्या काचेवर थांबला. "मले आता मशीनकडे पाहा लागते बाई," तो म्हणाला, आणि खरोखरच निघून गेला.

प्रेमिला तिथंच लोखंडी खुर्चीवर बसली आणि तिनं मशीनची वही उघडली. दर तासाला नत्थू त्यात आकडे लिहायचा. रविवारचा दाब सहा वाजता एकशे पासष्ट, सातला एकशे सत्तर, आठला एकशे ऐंशी, नऊला एकशे पंच्याण्णव, दहाला दोनशे पंधरा. नंतर रेघ.

मशीन अचानक बंद पडलं, असं सगळे सांगत होते. या आकड्यांप्रमाणे ते सकाळपासून हळूहळू गळ्याशी येत होतं. आणि हे आकडे ज्यानं लिहिले त्याच्यावरच आरोप होता. मुद्दाम मशीन बंद पाडणारा माणूस स्वतःच्या हातानं त्याची वेळापत्रकासारखी नोंद करून ठेवेल?

शेजारच्या रकान्याचं नाव होतं 'पाण्याची उष्णता'. रविवारी अठ्ठावीस. शनिवारी अठ्ठावीस. तिनं पान उलटलं. फेब्रुवारीभर अठ्ठावीस. जानेवारीत, नागपुरात लोक शेकोट्या पेटवत होते तेव्हाही अठ्ठावीस.

ती वही घेऊन उठली आणि थेट मॅनेजरच्या खोलीत गेली.

४

मॅनेजर मनोहरराव टापटीप माणूस होते. फायली एका उंचीच्या, पेन्सिली एका दिशेला. प्रेमिलानं वही उघडून त्यांच्यापुढे धरली आणि अठ्ठावीसच्या रकान्यावर बोट ठेवलं.

मनोहररावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "थर्मामीटर फुटलं डिसेंबरात. नवीन मागवायचं होतं."

"मागवलं?"

"राहून गेलं. इन्स्पेक्टर येतात, रकाना रिकामा दिसला तर विचारतात. मीच नत्थूला म्हटलं, अठ्ठावीस लिहीत जा." त्यांनी एक पेन्सिल सरळ केली. मग हळू आवाजात म्हणाले, "तो नको म्हणत होता."

"हे इंदुताईंना सांगितलं?"

"त्याचा मशीनशी काय संबंध? थर्मामीटर फुटलं म्हणून मशीन बंद पडत नाही."

"नाही," प्रेमिला म्हणाली. "पण ते असतं तर रविवारी सकाळी आठ वाजता सगळ्यांना कळलं असतं."

काय कळलं असतं, हे तिलाही अजून पूर्ण ठाऊक नव्हतं.

अनंत तिला अंगणात भेटला. एका कोपऱ्यात अजून सडक्या संत्र्यांचा आंबूस वास होता. सव्वानऊचं विचारल्यावर तो आधी चिडला, मग नानाजीला शिव्या दिल्या, मग फाटकाकडे पाहून आवाज खाली आणला.

"एका माणसाला जागा दाखवायला आणलं होतं. काकूचं वय झालंय. हे सगळं विकून तिनं सुखानं राहावं, एवढंच माझ्या मनात. तिला सांगू नका."

"तो माणूस फक्त जागा घेणार होता, का कारखान्यासकट?"

"चालू कारखाना घेणार होता. म्हणून तर रविवारी आणला, गर्दी नसते." अनंतनं कपाळावर हात मारला. "अन् त्याच्या डोळ्यांदेखत दोन्ही मशीनं बंद! तो जो गेला, तो गेलाच."

प्रेमिलानं मनातल्या यादीतून अनंतचं नाव खोडलं. ज्याला चालू कारखाना विकायचा आहे, तो गिऱ्हाईक समोर असताना मशीन कशाला बंद पाडेल? नत्थूला पाडायचं असतं तर त्यानं वहीत माग ठेवला नसता. मनोहररावांनी तर काही केलंच नव्हतं. त्यांची चूकच ती होती.

मग उरलं कोण?

निघताना तिनं फाटकावरची वही पुन्हा मागितली, या वेळी रविवारनंतरची पानं बघायला. नत्थूची पाळी सहाची. त्या रविवारपर्यंत तो रोज पावणेसहाला आत आलेला. सोमवारपासून मात्र पाच वाजून पाच मिनिटं, पाचला, पाच वाजून दहा, आज पुन्हा पाचला. चार दिवस सलग.

मशीन सुरू करायच्या तासभर आधी येऊन हा माणूस करतो काय?

५

शुक्रवारी सकाळी पाचला प्रेमिला शीतगृहाच्या मागच्या बाजूला उभी होती. झुंजुमुंजू होत होतं. भिंतीपलीकडे विणकरांची वस्ती. एकदोन घरांतून हातमागाचा खटखट आवाज येत होता.

पाच वाजून सात मिनिटांनी भिंतीच्या आत विहिरीवरचा पंप सुरू झाला आणि हौदात पाणी पडायला लागलं. नत्थू हौद भरत होता. हौद भरणं हे काम दिवसातून एकदा, सकाळी नऊला, मनोहररावांच्या माणसाचं होतं. नत्थूचं नव्हतं.

उजाडलं तशी प्रेमिला भिंतीच्या कडेनं चालू लागली. मार्चअखेरचं नागपूर, रस्त्याकडेचं गवत जळून पिवळं झालेलं. पण एके ठिकाणी, चार हात जागेत, हिरवंगार गवत होतं. वर भिंतीतून एक पितळी तोटी बाहेर आली होती. हौद धुवायचा झाला तर पाणी सोडायची. खाली माती ओलसर होती आणि तिच्यावर ठेवलेल्या भांड्यांचे गोल ठसे उमटलेले होते. मोठे, लहान, एकात एक.

"काय पाहून राहिली वं बाई?"

मागे एक बाई उभी होती, कडेवर पाण्याचा रिकामा गुंड. नाव कौसल्या, प्रेमिलाला तिनंच सांगितलं. वस्तीतल्या नळाला वीस दिवसांपासून पाणी नव्हतं. वस्तीची विहीर गाळानं भरलेली. प्यायचं पाणी दोन फर्लांगावरून आणत, पण वापरायला, भांड्यांना, सुताला खळ द्यायला पाणी कुठून आणायचं?

"मग कुठून आणता?"

कौसल्यानं गुंड दुसऱ्या कडेवर घेतला. तिनं तोटीकडे पाहिलं नाही. इतक्या काळजीनं पाहिलं नाही की प्रेमिलाला उत्तर मिळालं.

"कौसल्याबाई, मी पोलीस नव्हे. मी मोटरी बांधते. त्या रविवारी वस्तीत काही होतं का?"

"माह्या पोरीचं लगन होतं," कौसल्या म्हणाली. हे सांगताना तिचा चेहरा उजळला आणि लगेच मावळला. "दोनशे मानूस जेवलं. शनिवारी सांजच्यापासून पानी भरत होतो आमी." ती जवळ आली. "बाई, त्याइचं नाव नका घेऊ. त्याइनं आमची अब्रू राखली. तुमच्या पाया पडतो."

"कोणाचं नाव?"

पण कौसल्या गुंड घेऊन निघाली होती, जवळजवळ पळतच.

६

हौदाच्या बाहेरच्या अंगाला एक पट्टी रंगवलेली होती, एक ते सात फूट. आत पाण्यावर लाकडी ठोकळा तरंगायचा. त्याला बांधलेली दोरी कप्पीवरून बाहेर यायची आणि तिच्या टोकाचा पत्रा आत किती पाणी आहे ते पट्टीवर दाखवायचा. पत्रा सातवर होता. हौद भरलेला.

प्रेमिलानं पत्र्याला बोट लावलं. हलला नाही. जोरानं ढकलला, तरी नाही. तिनं मागं हात घालून चाचपलं. पत्रा एका खिळ्याला बारीक सुतानं बांधून ठेवला होता. हौदात पाणी असो वा नसो, तो सातच दाखवणार होता, आणि रोज नऊला हौद भरायला येणारा माणूस पट्टी पाहून तसाच परत जाणार होता.

सुताला कुठं गाठ दिसेना. तिला ती नखानं शोधावी लागली. लहानशी, चपटी, टोकं दातानं कुरतडलेली.

शनिवारी अकरा वाजता इंदुताईंच्या खोलीत सगळे जमले. अनंत, मनोहरराव, दाराशी नत्थू. प्रेमिलानं नानाजीलाही बोलवायला सांगितलं होतं. तो चपला बाहेर काढून कोपऱ्यात उभा राहिला. तेरा वर्षांत तो या खोलीत पहिल्यांदा आला होता.

"दोन मशीनं एकाच दिवशी बिघडली, असं आपण सगळे समजत होतो," प्रेमिलानं सुरुवात केली. "मुंबईचा माणूस म्हणाला, एकही बिघडलं नाही. त्याचं खरं होतं. मग दोन्हींत सारखं काय? एकच गोष्ट. पाणी. एक नंबरला गार करतं तेच पाणी दोन नंबरला."

"पाणी चालू होतं," अनंत म्हणाला. "नत्थूच सांगतो."

"चालू होतं, पण गरम होतं. सात फूट पाणी असलं तर दिवसभर मशीनची उष्णता पचवतं. दीड फूटच उरलं तर तेच तेच पाणी फिरून चार तासांत तापतं. दाब सहापासून दहापर्यंत हळूहळू चढला तो म्हणून. एक नंबर बंद पडलं, दोन नंबरला तेच तापलेलं पाणी मिळालं. संध्याकाळपासून कोणीतरी हौद भरला, सोमवारी मशीन आपसूक सुरू झालं. मंगळवारी मेकॅनिक आला तेव्हा हौद काठोकाठ."

"कोणी भरला?" इंदुताईंनी विचारलं.

"मी," नत्थू म्हणाला. "रविवारी चार वाजता पाइपाले हात लावला, चटका बसला. शिडी लावून पायलं, तं हौदात गुडघाभर पानी."

"अन् तू सांगितलं नाहीस!" अनंत ओरडला. "नोकरी जात होती तुझी!"

नत्थू हातावरचे तेलाचे डाग पुसत राहिला.

"हौद रिकामा कोणी केला?" इंदुताईंचा आवाज बारीक झाला होता.

प्रेमिलानं पदराच्या गाठीतून सुताचा तुकडा काढला. तिला पुढचं बोलणं जड जात होतं. रात्री घरी तिनं दोनदा ठरवलं होतं की हे सांगायचं नाही, आणि दोनदा वडिलांचा नियम आडवा आला होता. तिनं सूत टेबलावर ठेवलं, पण नाव घ्यायची वेळ तिच्यावर आली नाही.

"ती गाठ माही आहे जी," नानाजी कोपऱ्यातून म्हणाला.

सगळ्यांच्या माना कोपऱ्याकडे वळल्या.

"वस्तीतल्या बाया पान्यासाठी वनवन फिरून राहिल्या होत्या. मी तोटी सोडत होतो, रोज थोडं थोडं. मॅनेजरसाहेब पट्टी पाहून रागावतीन म्हनून पत्रा बांधून टाकला. रविवारी लगन होतं. मी म्हटलं, पोरीचं लगन आहे, घ्या." त्यानं इंदुताईंकडे पाहिलं. "मले वाटलं ते पानी आगबिग लागली तं विझवाले ठेवलं आहे. मशीन त्याच्यावर चालते, हे मले कोनी सांगतलं नाही. नत्थूले तोटीचं समजलं तं मले म्हने, नानाजी, तू गप राह्य. मी म्हटलं तुह्यावर येऊन राहिलं गा. तो म्हने, येऊ दे. खरं सांगतलं तं तोटी बंद होईन, वस्तीले पानी नाही भेटनार. मी तेव्हापासून झोपलो नाही, ताई. त्याले नका काढू. मले काढा."

इंदुताई उठल्या आणि खिडकीपाशी गेल्या. तिथून हौद दिसत होता.

"तेरा वर्षं," त्या म्हणाल्या. "तेरा वर्षं तुम्ही माझ्या फाटकावर बसता, अन् हौदातलं पाणी कशासाठी आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही. मी पण नाही." त्या वळल्या. "मनोहरराव, थर्मामीटरचं प्रेमिलाबाईंनी काल मला सांगितलं. तुम्ही आज स्वतः जाऊन आणायचं. दोन आणा."

मनोहररावांनी मान हलवली. नत्थूकडे पाहायचं त्यांनी टाळलं, मग ठरवून पाहिलं आणि म्हणाले, "नत्थू, माझं चुकलं."

अनंतनं टाइप केलेला कागद पुढे केला, बहुधा सवयीनं. इंदुताईंनी तो घेतला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पेन ठेवून प्रेमिलाकडे सरकवला.

"लिहा," त्या म्हणाल्या. "आता कारण कळलं."

७

प्रेमिलानं लिहिलं ते एका कागदात मावलं नाही. शंभर पानी वही झाली. मशीन दोन असून चालत नाही, पाणीही दोन ठिकाणचं हवं, हे पहिल्या पानावर. शीतगृहाच्या विहिरीला उन्हाळ्यात जेमतेम पाणी. दुसरी विहीर खणायची तर पुढचं वर्ष उजाडणार. मग कौसल्या जिथं उभी होती तिथून पन्नास पावलांवरची, वस्तीची गाळानं भरलेली विहीर प्रेमिलानं इंदुताईंना दाखवली. खोल होती, जुन्या दगडी बांधणीची.

गाळ काढायला वस्तीतली माणसं उतरली आणि शीतगृहानं पंप, दोर आणि दोन वेळचं जेवण दिलं. अकराव्या दिवशी तळाच्या फटीतून पाणी वर आलं तेव्हा नानाजी काठावर बसून नुसता पाहत होता. त्या विहिरीवर पंप बसला. वस्तीला पाणी रोज. शीतगृहाला फक्त अडचणीच्या वेळी, भिंतीतून टाकलेल्या पाइपातून. हे दोन्हीकडच्या माणसांनी सही-अंगठ्यानिशी कबूल केलं. अनंतनं आधी कुरकुर केली. मग सडलेल्या पेट्यांच्या बागाइतदारांकडे माफी मागायला इंदुताईंनी त्यालाच पाठवलं, आणि नरखेडहून परत आल्यावर त्याची कुरकुर कमी झाली. बाबनरावांनी त्याला बागेत नेऊन एकेका झाडाला किती पाणी लागतं ते दिवसभर ऐकवलं होतं.

महिन्यातून एकदा इंदुताई न सांगता मशीनघरात येऊन म्हणत, "समजा आता विहिरीचा पंप बंद पडला." आणि सगळे आपापल्या जागी धावत. पहिल्या वेळी भलताच गोंधळ झाला. दोन पाइप जोडायचं कपलिंगच सापडेना. ते मनोहररावांनी नीट फायलींच्या कपाटात कुलपात ठेवलेलं होतं.

मे महिन्यात, पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना, दुपारी दोन वाजता प्रेमिलाच्या शेजारच्या किराणा दुकानात फोन वाजला. पलीकडून मनोहरराव घाईघाईनं म्हणाले, "आपल्या विहिरीच्या पंपाची मोटर जळाली," आणि फोन कटला.

प्रेमिलानं पत्र्याचं दार ओढलं, डोक्याला ओला पंचा बांधला आणि सायकल काढली. इंदोऱ्यापासून सक्करदरा म्हणजे पूर्ण शहर आडवं. डांबर चाकाला चिकटत होतं. वाटेत ती सारखी हिशेब करत होती: हौदात किती पाणी असेल, ते किती वेळात तापेल, आत आता बटाटा आणि आंबा आहे, कोणाचा किती. पाऊण तासानं ती पोचली तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. फाटकातून आत शिरतानाच तिनं कान दिला.

मशीनची घरघर ऐकू येत होती. एकसारखी.

भिंतीतल्या पाइपातून हौदात पाणी धबधबा पडत होतं. मशीनघरात नत्थू स्टुलावर बसून वहीत आकडा लिहीत होता. अनंत बाह्या सरसावून जळालेली मोटर हातगाडीवर चढवत होता, आणि पलीकडून कौसल्या तिचा नवा जावई घेऊन गाडीला धरायला आली होती. कोणाच्या चेहऱ्यावर घाई नव्हती. प्रेमिला आली हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

नानाजीनं तिला पाहिलं तेव्हा ती फाटकाच्या सावलीत धापा टाकत उभी होती. त्यानं माठातलं पाणी आणून दिलं, ती पिईपर्यंत थांबला, आणि मग काळजीनं विचारलं,

"एवढ्या उन्हात काहून आल्या जी? इथं तं काहीच झालं नाही."